सेन्सर गरम होईपर्यंत

तावडे माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसायचा. मालक पुढे उभा राहून काय बिघडलंय त्याचं रामायण सांगत असायचा. हा मागे सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा, मग तो तळहात नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. चार-पाच सेकंद काही बोलायचा नाही. मग "पेट्रोल कच्चंच बाहेर पडतंय" किंवा "ऑइल जळतंय" असं काहीतरी म्हणून उठायचा आणि पाना हातात घ्यायचा. मालकाचं रामायण तोवर बालकांडातच असायचं.

त्याचं पूर्ण नाव वसंत तावडे. आम्ही सगळे तोंडावर त्याला अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे अरे-तुरे. इथेही मी तेच करणार आहे, कारण मनात तो मला तसाच आठवतो. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगसमोर एक जुनं शिरीषाचं झाड होतं. त्याच्या खाली फुटपाथवर त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक लाकडी पेटी, एक जॅक, दोन टायर आणि झाडाला खिळ्याने ठोकलेली पाटी. पाटीवर नाव नव्हतं, फक्त "सर्व गाड्या" एवढंच. मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी दोनच्या पुढे मी रिकामी. माझ्या खिडकीतून खाली पाहिलं की तावडेची पाठ दिसायची.

तावडेच्या अंगी गोडवा म्हणाल तर औषधालाही नव्हता. गिऱ्हाइकाने मध्ये तोंड घातलं की "मग तुम्हीच करा, मी चहा पिऊन येतो" म्हणून चालायला लागायचा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो." या वाक्याचा प्रसाद आमच्या घरालाही मिळाला. आमच्या ह्यांची स्कूटर एकदा धक्के खात होती. तावडेने वास घेतला आणि विचारलं, "साहेब, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. कुठे भरलंत?" हे म्हणाले, नेहमीच्या पंपावर. तावडेने पुन्हा वास घेतला आणि म्हणाला, "पंपाचं नाय हे. डब्यातलं आहे. रस्त्यावर घेतलंय." माझ्यासमोर ह्यांचा चेहरा पडला. ऑफिसात ऑडिट आहे म्हणून रोज उशिरा येणारे आमचे साहेब विक्रोळीला मित्राकडे पत्ते कुटायला जात होते. तिथून परतताना पेट्रोल संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या माणसाकडून डबाभर घेतलं होतं. पुढे आठवडाभर आमच्या घरात जे काही झालं त्याला तावडेचं नाक जबाबदार होतं. त्याला त्याचं काहीही वाटलं नाही.

पण हा एवढा तोंडाळ माणूस महापालिकेची गाडी आली की एक शब्द बोलायचा नाही. फुटपाथ रिकामा करायला ती दर दोन-तीन महिन्यांनी यायची. माणसं उतरायची, जॅक उचलायची, टायर उचलायची, पेटी उचलायची. तावडे बाजूला उभा राहून नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुन्हा झाडाखाली हजर. तिसऱ्यांदा त्यांनी जी पेटी नेली त्यात मोठ्या भावाने गिरणीच्या बोनसमधून घेऊन दिलेले पाने होते. त्या दिवशी मी खाली उतरले आणि त्याला पाणी दिलं. त्याने तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "बाई, मला दुसरं काही नको. एक छप्पर पाहिजे. चार भिंती, एक शटर. आत काम करणाऱ्याला कोणी उचलून नेत नाही."

पुढे जे घडलं ते सगळं या एका इच्छेपायी घडलं. इच्छा काही फार मोठी नव्हती.

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा अडीच-तीन वर्षं झाली असतील. तो मिटला की चालू आहे हेच कोणाला कळत नव्हतं. तावडेचा मोठा भाऊ, रामचंद्र, पंचवीस वर्षं गिरणीत मागावर होता. त्याने परळची खोली सोडली, बायको-मुलांना देवगडकडच्या गावी पाठवलं आणि स्वतः तावडेकडे डोंगरावरच्या झोपडीत राहायला आला. सगळे त्याला दादाच म्हणायचे. उंच, वाकलेला, कानाने थोडा कमी. बोलायचा ते मोठ्याने, गिरणीत मशीनवर ओरडून बोलायची सवय होती म्हणून. दिवसभर झाडाखाली टायरवर बसून भावाला पाने पुसून द्यायचा. धाकट्या भावाच्या घरात फुकट खातो हे त्याला फार लागलेलं होतं.

दादाला झोप येत नव्हती. म्हणजे अजिबातच येत नव्हती. तावडे मला सांगायचा, "बाई, पहाटे बघतो तर हा भिंतीला टेकून बसलेला." डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, तेल थापून झालं. मी एकदा दादाला विचारलं, तेव्हा तो हसला आणि भावाकडे बघून म्हणाला, "सगळा चिडीचूप आसता थय झोपडीत. पंचवीस वर्सा कानात माग वाजत होते. आता ते बंद पडले, तर डोळो लागता कसो?"

याच सुमाराला ती गाडी आली. आमच्या मागच्या गल्लीत एका शेठची नवी बिल्डिंग होती. त्याने कुठल्याशा परदेशी साहेबाची गाडी लिलावात घेतली होती. जपानी, दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, डाव्या बाजूला स्टिअरिंग. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. तावडेने पहिल्यांदा ते उघडून पाहिलं त्या दिवशी तो जिन्याने धावत माझ्या दारात आला होता. "बाई, आत समोसा फिरतो! तिकोनी लोखंड, गोल गोल! खालीवर काही नाही!" त्याला असा मी कधीच पाहिला नव्हता.

गाडी पळायची झकास, पण पेट्रोल प्यायची. शेठ म्हणायचा, घाटकोपरहून मुलुंडला जाऊन येईपर्यंत काटा लाल रेघेला टेकतो. फोर्टातल्या दोन नामांकित मेकॅनिकांनी हात टेकले होते. शेठच्या बिल्डिंगखाली एक गाळा रिकामा होता, शटरवाला. शेठने तावडेला तो दाखवला आणि म्हणाला, "तावडे, ये गाडी लिटरला दहा दे, तो गाळा तेरा. जब तक मैं हूँ, कोणी तुला उठवणार नाही."

तावडे त्या गाळ्यात उभा राहिला आणि भिंतीला हात लावून आला, असं दादाने मला सांगितलं.

गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल आलं होतं. तावडेला इंग्रजी अक्षरं लागायची, वाक्यं लागायची नाहीत. म्हणून मी. दुपारी शाळेतून आले की चहा घेऊन मी गाळ्यावर जायची. तावडे बाकड्यावर, दादा पायरीवर, आणि मी खुर्चीवर बसून वाचायची आणि मराठीत सांगायची. मला त्या कामाचा फार गर्व वाटायचा. शाळेत चाळीस पोरांसमोर घसा फोडून जे होत नव्हतं ते इथे होत होतं. माझ्या एकेका वाक्यावर तावडे मान हलवायचा.

पहिल्या दिवशी मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिली काही पानं सूचनांची होती. काळ्या चौकटी, त्रिकोण, ठळक अक्षरं. गाडी जॅकवर उचलली की खाली टेकू द्या, बॅटरीची तार आधी काढा, हात सांभाळा. मी एक चौकट वाचली, दुसरी वाचली, आणि तावडेने हात वर केला.

"बाई, हे राहू द्या. हे आम्हाला आईच्या पोटातून येतं. कामाचं वाचा."

मी पानं उलटली. चार असतील, पाच असतील. शाळेत प्रश्नपत्रिका वाटली की "आधी सूचना वाचा, मगच पेन उचला" असं दर परीक्षेला ओरडणारी मी. मला कंटाळाच आला होता त्या चौकटींचा. त्याने थांबवलं तेव्हा बरंच वाटलं.

कामाचं असं निघालं. सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाजवळ, एक सेन्सर बसवलेला असतो. दिसायला स्पार्क प्लगसारखा, मागे एकच तार. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो ओळखतो आणि इंजिनाला कळवतो. त्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. पण हा सेन्सर थंड असेपर्यंत मुका असतो. चांगला तापला की मगच बोलतो. तोवर इंजिन अंदाजाने पेट्रोल ओतत राहतं, आणि जास्तच ओततं. नुसतं आयडलवर, म्हणजे मंद चालू ठेवलं तर तो पुन्हा गार पडून गप्प होऊ शकतो, म्हणून तपासताना इंजिन थोडं चढवून ठेवायचं.

तावडे खूष झाला. "म्हणजे गाडीला नाक आहे, आणि नाक चोंदलंय."

ते चोंदलं कशाने हेही त्याच पानावर होतं. शिसं नसलेलंच पेट्रोल वापरा, नाहीतर सेन्सर मरतो. मी वाचून दाखवलं आणि तावडेकडे पाहिलं. आपल्याकडच्या सगळ्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. जुना सेन्सर काढला तर त्याच्या टोकावर राखाडी पापुद्रा बसलेला होता. सायलेन्सरमधला धूर साफ करणारा डबा तर आधीच कोणीतरी काढून टाकला होता.

शेठने भाच्याकरवी बाहेरून नवा सेन्सर मागवला. मी तावडेला म्हटलं, "अहो, हाही तसाच मरणार की. आपलंच पेट्रोल जाणार त्यातून."

"मरू दे. दोन महिने जगला तरी बास. शेठला एकदा आकडा दिसला पाहिजे. एकदा शटरची चावी माझ्या कमरेला आली की मग सेन्सर मेला काय नि जगला काय, मी नाकाने चालवीन गाडी."

नवा सेन्सर बसवला आणि तपासणी सुरू झाली. सेन्सरच्या तारेला व्होल्टमीटर जोडायचा आणि काटा बघायचा. सेन्सर बोलायला लागला की काटा सारखा खाली-वर हलायला हवा, असं मॅन्युअल सांगत होतं. दादा गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. हे काम दादाला मनापासून आवडलं. पाने पुसणं म्हणजे दया होती, हे काम होतं. सीटवर बसला की त्याची पाठ सरळ व्हायची.

"पाय सोडू नको हां, दादा," तावडे ओरडायचा.

"सोडूक नाय रे! पंचवीस वर्सा माग सोडलंय नाय, ह्यो काय सोडतलंय?"

एकदा मी दादाला विचारलं, पाय दुखत नाही का. तो म्हणाला, "बाई, हय बरा वाटता. आवाज चालू आसा ना." त्या समोसा-इंजिनाचा आवाज इतर गाड्यांसारखा ठोके देणारा नव्हता. एकसारखा, भरीव, न थांबणारा घूं आवाज. दादा डोळे अर्धवट मिटून तो ऐकायचा.

तीन-चार दिवस शटर उघडं ठेवून काम चाललं. काटा कधी हलायचा, कधी अडकायचा. तावडे तारा बदलायचा, कुठे हवा शिरतेय का बघायचा, पुन्हा सुरू करायचा. मग वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. दुपारची झोप होत नाही म्हणाले. सेक्रेटरी खाली येऊन सांगून गेला, दोन ते चार आवाज बंद, नाहीतर शेठला सांगून गाळा बंद करीन. शेठ त्याच संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. तावडेकडे तेवढीच दुपार होती. त्याने शटर खाली ओढलं. गुडघ्याएवढी फट तेवढी ठेवली.

त्याची चूक काय झाली ते मी नंतर खूप विचार करून समजून घेतलंय. वीस वर्षं त्या माणसाने हजारो सायलेन्सरांच्या तोंडाशी नाक नेलं होतं, आणि त्याला कधी काही झालं नव्हतं. कारण वीस वर्षं तो झाडाखाली होता. त्याच्या डोक्यावर कधी छप्पर नव्हतंच. बंद जागेत गाडी चालू ठेवायची वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. आणि त्याचा भरवसा सगळा नाकावर.

मी साडेतीनला पोचले. हातात मॅन्युअल होतं, एक तक्ता बघायचा राहिला होता. वाकून फटीतून आत शिरले. आत पिवळा बल्ब आणि तो घूं आवाज. तावडे शटरच्या फटीपाशी जमिनीवर बसला होता, लांब तार ओढून मीटर त्याने मांडीवर घेतला होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, बाई. दादा झोपलाय."

मी गाडीत पाहिलं. दादाची मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तावडेने त्याचा पाय हलकेच बाजूला करून ॲक्सिलरेटरच्या तारेत लाकडाची खुंटी अडकवली होती, म्हणजे इंजिन चढलेलं राहावं आणि दादा उठू नये.

"चहा आणायला गेलो होतो. येऊन बघतो तर हा ढाराढूर. गिरणीतला आवाज मिळाला त्याला, बघा." मग मीटर माझ्यासमोर धरला. काटा लयीत खाली-वर, खाली-वर हलत होता. "नाचतोय! सेन्सर तापला. आणि वास बघा. सकाळी डोळे झोंबत होते, आता जवळजवळ नाहीच."

मी वास घेतला. खरंच फारसा नव्हता.

"आज तोंडावर तेज बघा दादाच्या. गावाहून आल्यासारखा दिसतोय ना?"

दादाचे गाल लालसर दिसत होते. मी हो म्हटलं. तावडे उठता उठता भिंतीला धरून थांबला, डोकं दुखतंय म्हणाला, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही म्हणाला. मग म्हणाला, "उठवतो त्याला. बघू दे काटा त्यालाही."

तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या हो. झोपू द्या. किती महिन्यांनी झोपलेत."

हे वाक्य माझं आहे. मी ते कोणावर ढकलू शकत नाही. तावडेला ते पटलं. तो पुन्हा खाली बसला आणि आम्ही दोघं दहा मिनिटं, कदाचित थोडं जास्तच, तो काटा बघत बसलो. त्याने मला सांगितलं की शटरवर तो नाव लिहिणार आहे, या वेळी नुसतं "सर्व गाड्या" नाही, "तावडे बंधू" लिहिणार आहे. मी त्याला इंग्रजीतही लिहा म्हणाले, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कसं लिहायचं ते काढून दिलं. माझं डोकं जड झालं होतं. मला वाटलं, उन्हातून आल्यामुळे.

मग तावडे म्हणाला, "झालं. इंजिन बंद केलं की उठेलच तो. आवाज गेला की त्याची झोप जाते." त्याने खुंटी काढली, आत हात घालून किल्ली फिरवली.

आवाज थांबला. गाळा एकदम चिडीचूप झाला. आम्ही दोघं हसऱ्या चेहऱ्याने दादाकडे बघत होतो. दादा उठला नाही.

"दादा, ऊठ. झाला काम."

तावडेने त्याच्या खांद्याला हात लावला आणि दादाचा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर पडला. तावडेने त्याला हलवलं. मग जोरात हलवलं. मग तो ओरडायला लागला, "दादा! दादा, ऊठ रे!" मी शटर उचलायला गेले तर माझे पाय चालेनात. कसंबसं ढकललं, बाहेर पडले, गटाराशी ओकले आणि टॅक्सी टॅक्सी म्हणून ओरडत सुटले.

हॉस्पिटलात डॉक्टरने दादाचा चेहरा पाहिला, नखं पाहिली, आणि आम्हाला एवढंच विचारलं, "दार बंद होतं का?" तावडे हो म्हणाला. डॉक्टरने दादाच्या तोंडावर चादर ओढली.

पुढे पंचनामा, जबाब, अपघाती मृत्यू असा शिक्का. गल्लीत आठ दिवस चर्चा. कोणी म्हणे विदेशी गाडीतून विषारी वायू सुटला, कोणी म्हणे गाडीच पनवती. शेठ येऊन गाडी घेऊन गेला आणि गाळ्याला कुलूप लागलं. वाईट वागला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कोणी वेगळं काय केलं असतं मला माहीत नाही.

दादाची बायको गावाहून आली. तावडे तिच्या पायाशी जाऊन पडला. तिने एकच विचारलं, "झोप लागलली ना तेंका?"

"होय, वहिनी. गाढ लागलली."

तिने मान हलवली. आणि तावडेला हात धरून उठवलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

ते मॅन्युअल त्या गोंधळात माझ्याबरोबर घरी आलं होतं. शेठने मागितलं नाही, मी दिलं नाही. मी ते ट्रंकेत टाकलं आणि उघडून पाहायची हिंमत केली नाही. पण तेरावं झाल्यावर तावडे दारात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आत यायला तयार नव्हता, उंबऱ्याबाहेरच बसला.

"बाई, ती पहिली पानं आपण सोडली होती. ती वाचा."

"तावडे, आता कशाला?"

"वाचा."

मी पुस्तक आणलं. तिसऱ्या पानावर, डाव्या हाताला, काळ्या चौकटीत होतं. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो आणि वास नसतो. त्याने झोप येते, शुद्ध जाते आणि माणूस मरतो.

मी वाचून संपवलं. तो जमिनीकडे बघत होता.

"वास नसतो, असं लिहिलंय?"

"हो."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्याने तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग मी रडत म्हणाले की चूक माझी आहे, मला वाचता येत होतं, तुम्हाला नव्हतं, आणि झोपू द्या असंही मीच म्हटलं. त्याने मान वर केली. "सोडा म्हणून मीच सांगितलं होतं, बाई," म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. उठला आणि जिना उतरून गेला. त्याला माफ करा म्हणायचं माझं राहूनच गेलं.

झाडाखाली तो महिनाभर येऊन बसला. गाड्या यायच्या, तो पुढून बॉनेट उघडायचा. मागे जायचा नाही. एकदा एका टॅक्सीवाल्याने आपणहून म्हटलं, "तावडे, जरा वास तो लेके देखो," तर याने पाना खाली ठेवला आणि चालायला लागला. काही दिवसांनी पाटी नुसतीच झाडावर राहिली. त्याची बायको मुलांना घेऊन दहिसरला माहेरी गेली आणि मागोमाग तोही गेला, असं कळलं. घाटकोपरात कोणाला त्याचं पुढे काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी चौकशी केली नाही. मला भीती वाटत होती.

चार वर्षांनी ह्यांच्या भाच्याचं लग्न वसईला होतं. ह्यांच्या मित्राच्या गाडीने भर दुपारी निघालो. मित्र चालवत होता, हे त्याच्या शेजारी पुढे, मी मागे. दहिसरच्या जकात नाक्याशी ट्रकांची मैलभर रांग होती आणि तिच्यात आम्हीही अडकलो. मित्र पुढे काय झालंय बघायला उतरला. ह्यांनी धुळीचा त्रास होतो म्हणून काच वर केली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

रांगेच्या कडेने एक माणूस येत होता. पिकलेली दाढी, ग्रीसने काळी पडलेली पँट, हातात पाना. ज्या ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपलेला दिसेल तिथे तो थांबायचा आणि काचेवर ठोकायचा. ड्रायव्हर उठून शिवी द्यायचा, की हा पुढच्या ट्रककडे. इंजिन चालू आहे की बंद, ते तो बघतही नव्हता. मी त्याला ओळखलं.

चहाची किटली घेऊन फिरणाऱ्या माणसाला मी खुणेनेच विचारलं. तो म्हणाला, "तावडे आहे तो. ट्रकचं काम झकास करतो, टेन्शन नाय. पण कोणाला झोपू देत नाय बघा. घरी पण तेच म्हणे. मार खाल्लाय दोनतीनदा, ऐकत नाय."

तेवढ्यात तो आमच्या गाडीपाशी आला. ह्यांच्या काचेवर ठोकलं. "साहेब, उठा. काच खाली करा." हे दचकून जागे झाले, काच खाली केली, काय आहे म्हणून खेकसले. तावडे वाकून त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. नंतर त्याची नजर मागे, माझ्याकडे आली आणि तिथे क्षणभर थांबली. मी तोंड उघडलं, पण मला हाक मारता आली नाही. मी जागी आहे एवढं त्याने पाहिलं आणि तो पुढे गेला.

पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर पहिल्या ठोक्याला उठला नाही. दुसऱ्याला उठला नाही. तावडेने पाना टाकून दिला, चाकावर पाय देऊन वर चढला आणि तळहातांनी काचेवर मारायला लागला. आमचा मित्र धावत आला, रांग सुटली म्हणाला, गाडी सुरू केली. आम्ही त्या ट्रकच्या बाजूने पुढे सरकलो तेव्हा तावडे दोन्ही हातांनी काच बडवत होता, आणि इंजिनांच्या आवाजातूनही मला ऐकू आलं, तो ओरडत होता, "दादा, ऊठ! ऊठ रे, दादा!"